घोंगड्याखालची जाळी

चौतीस वर्षांत मच्छिंद्रच्या हातात गाडी एकदाही रस्त्यात बंद पडली नव्हती. तो हे स्वतःहून कुणाला सांगायचा नाही, पण दुसरं कुणी सांगायला लागलं की मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि ते ऐकणंच त्याला फार आवडायचं. आधी वडापची जीप, मग एका ठेकेदाराचा टेम्पो आणि गेली अकरा वर्षं उत्तरेश्वरअण्णांच्या गाड्या. येडशीच्या अलीकडं अण्णांचं गाव. तिथं ऐंशी एकर रान आणि तालुक्यात शब्दाला मान. अशा माणसाचा ड्रायव्हर म्हणजे वस्तीत निम्मा साहेबच. बायको नंदा त्याला चिडवायची, की गाडीत बसलात की तुमची छाती पुढं येते आणि घरी आलात की पोट.

वय सत्तावन्न झालेलं. या वयात नव्यानं कोण ड्रायव्हर ठेवतो? म्हणून ही शेवटचीच चाकरी, हे तो मनाशी धरून होता. हात थरथरायला लागेपर्यंत हे स्टिअरिंग आपल्याकडं राहावं, एवढंच त्याला हवं होतं. फार काही मागत होता असं कुणीच म्हणणार नाही.

दोन वर्षांपूर्वी अण्णांनी हायब्रिड गाडी घेतली. नुसती विजेची नको, चार्जिंगला कुठं ताटकळत बसायचं. नुसती पेट्रोलची नको, कारण आता ती सगळ्यांकडंच असते. धाराशिवच्या शोरूममध्ये दोन गाड्या समोर उभ्या होत्या. एकीची बॅटरी डिकीच्या तळात, त्यामुळं डिकी उथळ. दुसरीची मागच्या सीटखाली, त्यामुळं डिकी चांगली खोल. अण्णांनी दोन्ही डिक्यांत हात घालून पाहिला आणि दुसरी गाडी पसंत केली. आपल्याकडं पाहुणा एकटा येत नाही, पोत्यासकट येतो, असं म्हणून ते हसले आणि शोरूमवालेही हसले. बॅटरी कुठं आहे याचा विचार त्या दिवशी तिथंच संपला.

मच्छिंद्रचा थोरला राजपाल त्याच शोरूमच्या वर्कशॉपात कामाला होता. आयटीआय करून पुण्याला तीन महिने हायब्रिडचं शिकून आलेला. नारिंगी, म्हणजे जास्त दाबाच्या विजेच्या वायरींना हात लावायची परवानगी तिथं त्याला एकट्याला होती. पहिल्या सर्व्हिसिंगला त्यानं मागची सीट उचलून बापाला खालची पेटी दाखवली आणि विचारलं, "पप्पा, तुमाला ठिवायची असती तर कुठं ठिवली असती?"

मच्छिंद्रला कुणी असं विचारत नसे. त्यानं मनापासून विचार केला आणि म्हणाला, पुढं, इंजिनाशेजारी. राजपालनं सांगितलं, तिथं उष्णतेनं ती महिन्यात मरेल. बॅटरीला माणसाइतकंच ऊन सोसतं, जास्त नाही. मग गाडीच्या पोटाखाली? वजन खाली राहतं हे खरं, पण दगड लागणार, ओढ्याचं पाणी लागणार, आणि तिला वाचवायला गाडी उंच करावी लागणार. मग डिकीत? तिथं डिकी जाते आणि वजन मागच्या चाकाच्याही मागं पडतं. हे मात्र मच्छिंद्रला शिकवायची गरज नव्हती. वडापच्या जीपला मागं सहा माणसं लोंबकळली की घाटात पुढची चाकं कशी हलकी होतात, हे त्याच्या मनगटांना माहीत होतं.

म्हणून मागच्या सीटखाली. वजन खाली, दोन्ही चाकांच्या मधे, डिकी शाबूत. फक्त एक अडचण, तिथं वारा नाही. म्हणून सीटच्या डाव्या कडेला, पायाजवळ, तळहाताएवढी जाळी ठेवलेली. आत छोटा पंखा. माणसांसाठी एसीची जी हवा गाडीत फिरते, तीच जाळीतून ओढून तो बॅटरीवर सोडतो.

"म्हंजे बसणाऱ्यांनी घिऊन उरलेली हवा हिला," मच्छिंद्र म्हणाला.

राजपाल म्हणाला, तसंच. एक वाचवायचं तर दुसरं कुठंतरी सोडावं लागतं. गाडीत फुकटची जागा कुठंच नसते. डिकी वाचवली, त्याची किंमत ही जाळी. ही झाकायची नाही, एवढं सांभाळा.

खाली दडपून बसवलेली, वरच्यांचं वजन पेलणारी आणि वरच्यांच्या उरल्यासुरल्या हवेवर जगणारी ती पेटी मच्छिंद्रला का कुणास ठाऊक, ओळखीची वाटली. तेव्हापासून तो गाडी पुसताना रोज आधी ती जाळी पुसायचा.

हे तीन महिने चाललं. मग गाडीत घोंगडं आलं.

अण्णांची आई धुरपदाबाई, घरादाराची आक्का, दर पौर्णिमेला तुळजापूरला जायची. बरोबर जोगव्याची वेताची परडी. जुन्या गाडीत परडी ती मांडीवर घ्यायची. आता गुडघे दुखायला लागले म्हणून मागच्या सीटवर डाव्या बाजूला काळं घोंगडं अंथरून त्यावर परडी ठेवायची आणि आपण उजवीकडं बसायचं, असं ठरलं. घोंगडं सीटपेक्षा लांब, ते पुढून खाली लोंबायचं. लोंबायचं ते नेमकं जाळीवर. रोज काढायचं, रोज घालायचं कशाला, म्हणून मग ते तिथंच राहिलं. परडीतलं हळदीकुंकू सांडायचं ते घोंगड्यात, आणि घोंगड्यातून खाली.

पहिल्याच दिवशी आक्कानं त्याला सांगून ठेवलं होतं, "मच्छिंदर, त्येला हात लावू नगंस बाबा. देवाचं हाय."

आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. आक्का वाईट बाई नव्हती. हुरड्याच्या दिवसांत त्याच्या घरी आठवणीनं हुरडा पाठवायची, दसऱ्याला नंदाला लुगडं द्यायची. आणि अण्णांच्या घरात भेदभाव नाही, असं तर अण्णा स्वतःच चारचौघांत सांगत. चौदा एप्रिलला वस्तीत येऊन भाषणही करत. पूर्वी मच्छिंद्रचा कप गोठ्याच्या कोनाड्यात पालथा असायचा. मग कागदी कप आले आणि सगळ्यांचीच सोय झाली. गाडी त्यानं धुवायची, पुसायची, हाकायची. किल्ली हातातून हातात द्यायची-घ्यायची. फक्त त्या घोंगड्याला शिवायचं नाही. एवढंच तर होतं.

त्यानं सांगितलं नाही असं नाही. आक्काला सांगितलं, की या कापडाखाली जाळी आहे, तिला वारा लागतो, जरा वर सरकवा. तिनं सरकवलं. घोंगडंच ते, दोन वळणांत पुन्हा घसरलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं सुचवलं, की तुळजापूरला जायचं नसेल तेव्हा घोंगडं डिकीत ठेवू या, डिकी एवढी मोठी आहे. आक्कानं त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यालाच आपण काय बोललो याची लाज वाटली. डिकीत चपला ठेवता, तिथं देवीचं घोंगडं? मग तो अण्णांशी बोलला. अण्णा म्हणाले, सांगतो. ते सांगतो म्हणाले म्हणजे विसरणार, हे घरातल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

एकदा मात्र त्याला राहवलं नाही. गाडी पुसायच्या ब्रशचा लांब दांडा होता, त्या दांड्यानं त्यानं घोंगड्याची कड हळूच वर केली. हात लावलाच नाही. आक्का ओट्यावर बसलेली होती, तिनं पाहिलं. घरकामाच्या बाईला हाक मारून घोंगडं काढायला लावलं, धुवायला लावलं, आणि ते भिंतीवर वाळेपर्यंत सगळे थांबले. सकाळची तुळजापूरची फेरी दुपारनंतर निघाली. वाटेत अण्णा एवढंच म्हणाले, की नको तिथं काठ्या कशाला घालतोस. त्यानंतर मच्छिंद्रनं तो विषय सोडला. रोज सकाळी गाडी पुसताना डावी बाजू आली, की त्याचा हात आपोआप थांबायचा आणि पुढं जायचा.

यंदा मे महिन्यात परंड्याला लग्न होतं. अण्णा, आक्का आणि मागं पाहुण्यांच्या दोन गाड्या. परतताना बार्शी सोडली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि रस्त्यावर नजर ठरत नव्हती. घाटाच्या पायथ्यालाच मच्छिंद्रला सीटखालचा पंखा ऐकू यायला लागला. नेहमी तो असा वाजत नसे. आता तो घशात काही अडकल्यासारखा घरघरत होता.

"अण्णा, पंखा लई ओरडायलाय. पाच मिन्टं सावलीला थांबू. आक्कांनी तेवढं कापड वर घेतलं तर बरं हुईल."

अण्णा फोनवर होते. त्यांनी हातानंच चल म्हणून खूण केली. आक्का झोपली होती. दुसऱ्या वळणावर समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली, सुरक्षित जागी थांबा. तिसऱ्या वळणावर गाडीचा जोर गेला आणि पायाखालचं पॅडल नुसतंच खाली-वर व्हायला लागलं. मच्छिंद्रनं ती कशीबशी कडेला घेतली. चौतीस वर्षं तिथं संपली.

मागच्या गाड्या थांबल्या. पाहुणे उतरले, बॉनेटकडं बघत उभे राहिले, जणू बॉनेट काही सांगणार होतं. एकानं विचारलं, अण्णा, नवीच होती ना गाडी? अण्णांनी मच्छिंद्रकडं पाहिलं. मग अण्णा आणि आक्का पाहुण्यांच्या गाडीत बसून निघून गेले.

गाडी न्यायला ट्रक यायला तीन तास लागले. तीन तास मच्छिंद्र दार उघडं टाकून पुढच्या सीटवर बसला होता. मागं घोंगडं होतं. बघायला कुणी नव्हतं. माकडं होती, आणि माकडं कुणाला सांगत नाहीत. उचलून बाजूला टाकलं असतं तर वारा तरी लागला असता त्या पेटीला. तो दोनदा मागं वळलाही. पण हात गेला नाही. कुणी धरलेला नसतानाही गेला नाही, याचा त्याला नंतर सगळ्यात जास्त राग आला, आणि तो राग कुणावर काढावा हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्कशॉपात राजपालनं आधी घोंगडं उचललं, एका हातानं, आणि उलटं करून बाकावर पसरलं. खालच्या बाजूला जाळीचा पुरा छाप उठला होता. पंख्यानं ओढून ओढून लोकरीवर चौकोन चौकोन उमटवले होते, त्यांत पिवळं आणि लाल भरलेलं. त्यानं फोटो काढला. मग सीट काढली, पंखा खोलला. पात्यांना लोकरीचा गुंता आणि हळदीकुंकवाचा थर. बॅटरीचे मधले सेल भाजून फुगलेले. वर्कशॉपात ते घोंगडं कोण कोण शिवलं हे कुणीच विचारलं नाही. तिथं माणसं युनिफॉर्ममध्ये असतात.

बाप शेजारीच उभा होता. राजपालनं हात पुसले आणि म्हणाला, "पप्पा, ही गाडी बनवणाऱ्यांनी समदं हिशोबात धरलं व्हतं. धूळ धरली, पाणी धरलं, लेकरानं सांडलेला ज्यूस धरला. गाडीत एक माणूस असा असंल की ज्येला कापड उचलायची मुभा न्हाय, हे त्यांनी धरलं नव्हतं."

मच्छिंद्रनं त्याला हळू बोल म्हणून खूण केली. मॅनेजर शिवलिंग काचेपलीकडं बसला होता.

राजपालनं रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं. जाळीवर जाड लोकरी कापड, पंख्यात लोकर आणि हळदीकुंकू, हवा बंद पडल्यानं बॅटरी तापली. कुणाचं नाव नाही, कुणाला दोष नाही. पण गावात बातमी तिच्या पायांनी जाते. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, की देवीच्या घोंगड्यानं गाडी जळाली. ते आक्काच्या कानावर गेलं आणि तिनं नीट जेवणं सोडलं. देवी आपल्यावर कशानं रुसली, हेच ती दिवसभर विचारत बसायची. अण्णांना नव्या बॅटरीच्या खर्चाचं काही नव्हतं, गाडी वॉरंटीत बसली काय, न बसली काय. त्यांना आईनं जेवायला हवं होतं. त्यासाठी त्यांना एक कागद हवा होता, ज्यात चूक देवीची नाही, आक्काची नाही, दुसऱ्याच कुणाची आहे. असा दुसरा माणूस त्यांच्याकडं पगारावर होताच.

तिसऱ्या दिवशी अण्णा वर्कशॉपात आले. शिवलिंगनं कागद तयार करून ठेवला होता: सदर कापड चालकाने हवेच्या जाळीवर चुकून ठेवले. खाली सहीला जागा. शिवलिंग राजपालला बाजूला घेऊन म्हणाला, की अण्णांच्या घरच्या चार गाड्या आपल्याकडं येतात. कामावर ठेवायला वर हेड ऑफिसला तुझं नाव दरवर्षी मीच पाठवतो, हे विसरू नकोस. हे तो मोठ्यानं बोलला नाही, पण मच्छिंद्रला ऐकू जाईल इतकं बोलला.

अण्णांनी मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"सही कर मच्छिंद्रा. तुजं काय जातंय? म्हातारी चार घास खाईल. गाडी काय, तूच चालवणार हाईस."

राजपाल म्हणाला, "पप्पा, हे खोटं हाय. तुमी ते कधी शिवला न्हाईत."

मच्छिंद्रनं पोराकडं पाहिलं, मग कागदाकडं. अण्णांनी शब्द दिला होता, गाडी तूच चालवणार. त्याला जे हवं होतं ते या एका सहीपलीकडं उभं होतं. आणि पोराची नोकरीही. खोटं म्हणाल तर, ड्रायव्हर माणूस आयुष्यभर मालकाच्या कितीतरी चुका आपल्या नावावर घेतो; रस्ता चुकला तर तो चुकतो, उशीर झाला तर त्यानं केला. त्यात आणखी एक. त्यानं सही केली. सावकाश, अक्षर नीट काढून केली. राजपाल पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

तीन आठवड्यांनी नवी बॅटरी बसली आणि कंपनीचा शिक्का बसून तो कागदही अण्णांच्या हातात आला. मच्छिंद्र गाडी घेऊन गावात शिरला तेव्हा तो पुन्हा निम्मा साहेब झाला होता. घोंगडं राजपालनं घडी करून पिशवीत दिलं होतं. पिशवीसकट ते मागच्या सीटवर होतं. अण्णांच्या घरातल्या बाईनं ते काढून पुन्हा होतं तसं अंथरलं, आणि ते होतं तसंच जाळीवर लोंबलं. मच्छिंद्रनं ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं, आज नको, उद्या बोलू.

आक्का ओट्यावर बसली होती. गालफडं बसलेली. अण्णा तिच्याजवळ बसले, खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. वाचून झाल्यावर समजावलंही, की आक्का, देवी रुसलेली नाही, माणसाची चूक आहे, कंपनीनं लिहून दिलंय.

आक्कानं कागदाकडं निरखून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे ह्येनं उचलून ठिवलं?"

अण्णा म्हणाले, चुकून.

"चुकून कसं? पयल्या दिवशी सांगितलं व्हतं." ती मच्छिंद्रकडं वळली. "खरं का रं? शिवलास तू?"

आता कळलं त्याला, आपण कशावर सही केली ते. त्याला वाटलं होतं, आपण चूक कबूल केली. पण कागदात चूक नव्हतीच, कागदात हात होता. नाही म्हणावं तर कागद खोटा, अण्णा खोटे, शिवलिंग खोटा, आणि मग राजपालचं काय. हो म्हणावं तर... त्यानं अण्णांकडं पाहिलं. अण्णा कागदाची घडी घालत होते. मोठ्या निगुतीनं घालत होते, कोपऱ्याला कोपरा लावून.

"व्हय आक्का," मच्छिंद्र म्हणाला. "शिवलो म्या."

आक्का ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा तीन आठवड्यांचा ताण उलट एकदम सुटला. इतके दिवस जे सापडत नव्हतं ते सापडलं होतं.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच गाडी बंद पडली."

आणि आतल्या बाईला तिनं जेवायला वाढायला सांगितलं.

पंखा, जाळी, लोकर, भाजलेले सेल, राजपालचे पुण्याचे तीन महिने, सगळं त्या एका शब्दात धुऊन गेलं. गाडी का बंद पडली याचं कारण आता त्या घराला कायमचं मिळालं होतं, आणि ते कारण अंगणात दोन पायांवर उभं होतं. अण्णांना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी तोंड उघडलंही, पण आई जेवायला उठत होती, आणि त्यांनी ते मिटलं.

उठता उठता आक्का म्हणाली, "ते घोंगडं आता तूच ने बाबा. आमच्या काय कामाचं ऱ्हायलं न्हाय."

घरातली बाई ते उचलायला पुढं झाली, तर आक्कानं तिला थांबवलं. बाटलेल्याला आता तिनं कशाला शिवायचं? ज्यानं बाटवलं त्यानंच काढावं. म्हणून मच्छिंद्रनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि ते गाडीत आल्यापासून पहिल्यांदा त्या घोंगड्याला हात घातला. त्याला ते जड वाटलं होतं. हलकं निघालं. हाताला टोचलं थोडं, लोकरीचं टोचतं तेवढंच. उलटं झालं तेव्हा जाळीचे चौकोन दिसले, अजून पिवळे. खाली जाळी मोकळी झाली.

तो घोंगडं खांद्यावर टाकून निघाला तसे अण्णा मागून आले. हळू आवाजात म्हणाले, चार दिवस जाऊ दे, म्हातारीचं डोकं शांत झालं की निरोप धाडतो. मच्छिंद्रनं मान हलवली.

"किल्ली," अण्णा म्हणाले.

त्यानं खिशातून काढून दिली. अण्णांनी ती त्याच्या हातातून घेतली, बोटाला बोट लागलं, पण किल्लीला विटाळ कधीच नव्हता. मच्छिंद्र तीन किलोमीटर चालत घरी गेला. मे संपत आलेला आणि माणूस खांद्यावर घोंगडं घेऊन चाललेला, तेव्हा वाटेत ज्यानं त्यानं विचारलं. अण्णांनी दिलं, असं तो सगळ्यांना सांगत गेला.

चार दिवसांनी निरोप आला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी राजपाल कामावरून आला तो चप्पल न काढताच बापासमोर बसला. अण्णांची गाडी आज धुवायला आली होती. युवराज म्हणून नवा ड्रायव्हर आहे, आक्काच्या माहेरकडचा, नात्यातला. गाडीत नवं घोंगडं आहे, त्याच जागी.

"म्या त्येला जाळी दाखवली," राजपाल म्हणाला. "बरं म्हणला आन् एका हातानं घोंगडं उचलून डिकीत टाकलं. चपलांशेजारी. दोन सेकंद लागले पप्पा."

नंदा चुलीपुढून उठून दारात आली. घोंगडं मच्छिंद्रच्या शेजारीच खाटेवर होतं. पाच दिवस ते तिथंच होतं. नंदानं दोनदा विचारलं होतं याचं काय करायचं.

राजपालनं फोन काढला. जाळीच्या छापाचे फोटो होते त्यात, तारखेसकट. तो म्हणाला, उद्या वर हेड ऑफिसला पाठवतो. सही कशी घेतली तेही लिहितो. नोकरी गेली तर जाऊ दे, पुण्यात मिळेल. पण तो कागद खोटा आहे, हे कुठंतरी लिहिलं गेलं पाहिजे.

मच्छिंद्रनं हात लांब करून घोंगडं मांडीवर ओढलं आणि त्या पिवळ्या चौकोनांवरून बोट फिरवलं.

"सही केली तवा खोटा व्हता," तो म्हणाला. "आता न्हाय. पाच दिस झाले, म्या रोज शिवतोय त्येला."

राजपाल फोन हातात धरून तसाच बसून राहिला, आणि नंदा भाकरी करपते म्हणून आत गेली.